अंगणातला रुग्ण आणि त्याची शुश्रूषा करणारे हात

गेल्या अंकात आपण वृद्धांच्या पायांना होणाऱ्या जखमांविषयी विचार केला. त्यावर आलेल्या प्रतिक्रियांत एक प्रश्न वेगळा होता. आंबेगाव तालुक्यातील एका वाचकभगिनीने विचारले होते, ‘माणसाच्या जखमेचे कळले, पण घरच्या कोंबडीला कुत्र्याने धरले तर काय करावे? सासूबाई तिला सोडायला तयार नाहीत आणि पशुवैद्यकाचा दवाखाना लांब आहे.’ मी माणसांचा डॉक्टर आहे, पशुवैद्यक नव्हे. तरीही जुन्नर-आंबेगावच्या खेड्यांत इतकी वर्षे काढल्यावर हा प्रश्न मला परका वाटत नाही. आमच्याकडे दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या आजींच्या पिशवीतून कधी अंडी निघतात, तर कधी जखमी तलंगही निघते. शिवाय या प्रश्नाच्या पोटात शुश्रूषा करणाऱ्या माणसाच्या आरोग्याचा दुसरा प्रश्न दडलेला आहे, आणि तो निश्चितच माझ्या अधिकारातला आहे.

प्रथम एक गोष्ट घरातील तरुणांनी ध्यानात घ्यावी. दोन-तीनशे रुपयांच्या कोंबडीसाठी एवढा खटाटोप कशाला, असे म्हणणे सोपे असते. मुले चाकण-भोसरीच्या कारखान्यांत किंवा मुंबईला, नातवंडे शाळेत, आणि दिवसभर घरात एकटी म्हातारी, अशी घरे आपल्याकडे गावोगाव आहेत. त्या बाईसाठी सकाळी खुराडे उघडणे, ओंजळभर बाजरी टाकणे, संध्याकाळी कोंबड्या मोजून झाकणे हा दिवसाचा सांगाडा असतो. अंड्यांचे चार पैसे हे पुष्कळदा तिच्या हातात राहणारे एकमेव स्वतःचे पैसे असतात. आपल्यावाचून कोणाचे तरी अडते, ही भावना उतारवयात औषधाइतकीच मोलाची असते. म्हणून ‘टाका कापून’ हा सल्ला देण्याआधी एकदा विचार करावा.

पहिला तास

कुत्रा, मुंगूस, मांजर किंवा घार यांच्या तावडीतून सुटलेली कोंबडी बहुधा जखमेपेक्षा भीतीने अधिक खचलेली असते. गावठी कोंबडीचे वजन सव्वा-दीड किलो असते आणि तिच्या अंगात सुमारे १०० मिलिलिटर रक्त असते, म्हणजे चहाचा एक लहान कप. त्यातले तीन मोठे चमचे सांडले तरी जवळजवळ निम्मे रक्त गेले. तेव्हा रक्त वाहत असेल तर पहिले काम एकच: स्वच्छ सुती कापडाची घडी जखमेवर ठेवून पाच मिनिटे न उचलता दाबून धरणे. थांबले का, हे पाहण्यासाठी दर अर्ध्या मिनिटाला कापड उचलले की धरलेली गुठळी निघून येते.

कोंबडीला धरण्याचीही एक रीत आहे. आपल्या छाती-पोटाच्या मध्ये श्वासपटल असते. पक्ष्याला ते नसते. तिच्या छातीचे हाड पुढे-मागे हलते तेव्हाच हवा आत-बाहेर होते. घाबरलेल्या कोंबडीला छातीशी घट्ट आवळून धरले, तर मायेपोटी तिचा श्वासच कोंडतो. पाय धरून उलटी लटकवणेही तितकेच वाईट. जुना पंचा तिच्या अंगावर टाकावा, दोन्ही पंख अंगासरशी मिटवावेत आणि खालून तळहाताचा आधार द्यावा. डोळ्यांवर पंचा आला की ती आपोआप शांत होते. अंधारात कोंबडी निमूट बसते, हे आपल्या आजीला ठाऊक असतेच.

नंतर तिला डालग्याखाली किंवा भोके पाडलेल्या खोक्यात, गोणपाटावर, उबदार आणि काळोख्या कोपऱ्यात ठेवावे. कोंबडीच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते. हाताला ती गरम लागली म्हणजे तिला ताप आहे, असा अर्थ काढू नये. उलट धक्का बसलेल्या कोंबडीचे अंग पडते. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूस ठेवावी. दुसरी बाजू मोकळी असावी, म्हणजे उकडले तर तिला सरकता येईल. इतर कोंबड्यांपासून तिला वेगळे ठेवणे अत्यावश्यक आहे. लाल रक्त दिसले की कळपातल्या बाकीच्या कोंबड्या तिथेच टोचत राहतात आणि बारीकशा जखमेचा खड्डा करतात.

जखमेची निगा

रक्त थांबले आणि कोंबडी शांत झाली की जखम पाहावी. आजूबाजूची पिसे कात्रीने बेताने कापावीत. उपटू नयेत, कारण पक्ष्याची कातडी कागदासारखी पातळ असते. एक लिटर पाणी उकळून त्यात सपाट दीड चमचा मीठ घालावे आणि थंड झाल्यावर सुईविना सिरिंजने जखमेवर धार सोडावी. माती, पिसांचे तुकडे, लाळ सारे वाहून गेले पाहिजे. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीनचे द्रावण पाण्यात मिसळून, फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून लावावे. दिवसातून दोन वेळा एवढेच पुरते.

हळदीविषयी मला नेहमी विचारतात. वरवरच्या खरचटण्यावर चिमूटभर स्वच्छ हळद लावल्याने सहसा बिघडत नाही. पण दाताची जखम ही वरून बारीक आणि आत खोल असते. तिच्यावर हळद-तेलाचा लेप थापला की तोंड बंद होते आणि आत पू साचतो. तंबाखूची राख, चुना, रॉकेल, फिनाईल, डांबर यांपैकी काहीही लावू नये. तेलकट मलमाने पिसे चिकटतात आणि त्यांची ऊब जाते. मलम लावायचेच तर अगदी जखमेपुरते.

पावसाळ्यात आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे माशी. ओल्या जखमेवर सकाळी माशी बसली, तर दुसऱ्या दिवशी अळ्या दिसू शकतात. म्हणून आजारी कोंबडीच्या खोक्यावर जुनी मच्छरदाणी किंवा पातळ साडीचा तुकडा टाकावा आणि शेपटीखालची, पंखाखालची जागा रोज उजेडात पाहावी. अळ्या दिसल्या तर घरी प्रयोग न करता पशुवैद्यकाला गाठावे.

मांजर किंवा मुंगसाने चावलेली कोंबडी बाहेरून धडधाकट दिसली, तरी तिला त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवणे शहाणपणाचे. त्या दातांवरचे जंतू एक-दोन दिवसांत रक्तात पसरतात, आणि पक्षी आपले दुखणे शेवटपर्यंत लपवतो. शिकार होणाऱ्या प्राण्याचा तो स्वभावच आहे. पिसे फुगवून, डोळे मिटून, मान आत ओढून बसलेली कोंबडी ‘झोपली आहे’ असे समजू नये. ती बहुधा बरीच आजारी असते.

पाय गुडघ्याखाली मोडला असेल तर कापसाची गादी करून बांबूच्या कामटीचा आधार देता येतो. पट्टी घट्ट नको. बोटे गार पडली किंवा सुजली तर ती लगेच सैल करावी. पंख लोंबत असेल तर तो नैसर्गिक घडीत मिटवून अंगाशी हलकेच बांधावा, मात्र छाती आवळू नये. पक्ष्यांची हाडे आपल्यापेक्षा लवकर, साधारण तीन आठवड्यांत सांधतात. पण हाड कातडीबाहेर आले असेल तर त्यावर पाणी ओतू नये. पंखाच्या वरच्या मोठ्या हाडात पोकळी असते आणि ती थेट श्वसनमार्गाशी जोडलेली असते. तेथून पाणी आत जाऊ शकते. स्वच्छ ओलसर कापड ठेवून दवाखाना गाठावा.

खाणे, पाणी आणि गोळ्यांचा डबा

पाणी चोचीत ओतू नये. कोंबडीच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते, आणि मायेने ओतलेले पाणी फुप्फुसात जाऊन ती दगावू शकते. ड्रॉपरने चोचीच्या कडेला एकेक थेंब लावावा. तो ती स्वतः गिळेल. सावध झाल्यावर उथळ वाटी पुढे ठेवावी. खायला मऊ भात, भिजवलेला बाजरीचा किंवा मक्याचा भरडा, कुस्करलेले उकडलेले अंडे द्यावे. खारट, तिखट, उरलेली भाजी देऊ नये. मीठ कोंबडीला लवकर बाधते. संध्याकाळी गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपावी. सकाळी ती रिकामी लागली म्हणजे पचन चालू आहे. फुगलेली, कडक राहिली तर पशुवैद्यकाला सांगावे.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. प्रत्येक वृद्धाच्या घरी गोळ्यांचा डबा असतो आणि त्यात गुडघ्यांसाठीची डायक्लोफेनॅक बहुधा असते. ‘मला दुखले की मी घेते, तिलाही चतकोर देते’ हा हिशेब घातक आहे. हेच औषध दिलेल्या जनावरांचे मांस खाऊन भारतातील गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन लाखोंनी मेली, आणि म्हणून २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर देशात बंदी आली. कोंबडीच्या मूत्रपिंडांनाही ते सोसत नाही. पक्ष्यांना चालणारी वेदनाशामके वेगळी, त्यांची मात्रा वेगळी. ती पशुवैद्यकानेच ठरवावी. प्रतिजैविकांचेही तेच. आपल्या उरलेल्या कॅप्सूल फोडून पाण्यात घालू नयेत. पशुवैद्यकाने औषध दिले असेल, तर किती दिवस अंडी खायची नाहीत हे विचारून घ्यावे आणि ते कॅलेंडरवर लिहावे.

हातावरचा ओरखडा

येथून पुढचा भाग केवळ कोंबडी पाळणाऱ्यांसाठी नाही.

घोड नदीच्या खोऱ्यातील एक आजी, वय सत्तरीच्या पुढे, रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आल्या. दंडाला पट्टा बांधताना मला मनगटाच्या वर हळदीचा पिवळा पट्टा दिसला. विचारल्यावर त्या कोंबडीचीच हकिकत सांगू लागल्या: आदल्या सांजेला भटक्या कुत्र्याने अंड्यावरची कोंबडी धरली, त्यांनी ती त्याच्या तोंडातून ओढून काढली, रात्रभर खोक्याशी बसल्या, आता ती पाणी पिते आहे. ‘आणि हे हातावर?’ ‘त्याचं काय एवढं, डॉक्टर? दात नुसता घासला. कोंबडीला लावली तीच हळद लावली.’ घरात त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. सुनेने कामावरून खाडा करून आपल्याला दवाखान्यात न्यावे, हे त्यांना नको होते.

हळद धुतल्यावर कातडी फाटलेली दिसली. आम्ही ती साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली आणि त्यांना त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात पाठवून रेबीजची लस सुरू केली, जखमेत प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही देवविले. पुढे एक गंमत झाली. लसीच्या तारखा त्यांच्या ध्यानात राहीनात, म्हणून सुनेने त्या कोंबडीच्या खोक्यावरच खडूने लिहिल्या. कोंबडीची जखम तीन आठवड्यांत भरली, आजींची शेवटची मात्रा अठ्ठाविसाव्या दिवशी झाली, आणि दोघींची पथ्ये एकाच घरात एकाच वेळी पाळली गेली.

वाचकहो, रेबीजची लक्षणे एकदा सुरू झाली की आजही त्यावर उपाय नाही. लक्षणांआधी मात्र तो पूर्णपणे टाळता येतो. हा सस्तन प्राण्यांचा रोग आहे. कोंबडीपासून तो होत नाही, पण कुत्रा, मांजर, मुंगूस यांच्यापासून होऊ शकतो. कोंबडी सोडवताना असा दात किंवा नख लागले, किंवा कोंबडीच्या पिसांवरची ताजी लाळ आपल्या उघड्या जखमेला लागली, तर लगेच साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावे. त्यावर हळद, चुना, तिखट लावू नये आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. सरकारी दवाखान्यात ही लस बहुधा कातडीत, पहिल्या दिवशी आणि नंतर ३, ७ व २८ व्या दिवशी देतात. स्नायूत दिली तर १४ व्या दिवशीची एक मात्रा वाढते. ‘आता बरे वाटते’ म्हणून मधली मात्रा चुकवू नये. कुत्रा ओळखीचा आहे, हे कारण पुरेसे नाही.

या लसीशी कोंबडीचे जुने नाते आहे. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी १८७९-८० च्या सुमारास कोंबड्यांच्या पटकीवर काम करताना, जुने होऊन दुबळे झालेले जंतू टोचले तर कोंबडी पुढे त्या रोगाला बळी पडत नाही, हे ओळखले. त्याच वाटेने जात १८८५ साली त्यांनी रेबीजची लस माणसाला दिली. पुढे जावा बेटावर क्रिस्तियान आयकमान यांना सडीच्या पांढऱ्या भातावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडलेले दिसले. त्यातून ‘ब-१’ जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट खुली झाली आणि १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आजही फ्लूची बहुतेक लस कोंबडीच्या अंड्यांतच वाढवली जाते. तेव्हा आपण तिची चार दिवस सेवा केली, तर ती उपकाराची फेडच म्हणावी.

शुश्रूषा करणाऱ्यांनी पाळावयाची पथ्ये

वृद्धांची त्वचा पातळ असते. कोंबडीच्या नखाने निघालेला सालपटाएवढा ओरखडा मधुमेही व्यक्तीत आठवडाभर चिघळतो, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर लवकर थांबत नाही. पट्टी बदलताना लांब बाह्यांचा सदरा आणि रबरी हातमोजे घालावेत. धनुर्वाताची लस दहा वर्षांत घेतली नसेल तर घ्यावी. मळलेली जखम असेल तर पाच वर्षांची मर्यादा धरावी.

कोंबडीच्या विष्ठेत साल्मोनेलासारखे जंतू असतात आणि ते निरोगी दिसणाऱ्या कोंबडीतही असतात. खोके स्वयंपाकघरात किंवा अंथरुणाजवळ ठेवू नये. ओसरी किंवा पडवी उत्तम. तिची वाटी घरच्या भांड्यांत घासू नये. हात साबणाने धुतल्याशिवाय भाकरीला किंवा नातवंडाला हात लावू नये. खुराडे कोरडे झाडले की विष्ठेची धूळ उडते आणि दमेकऱ्यांना त्रास होतो. आधी पाणी शिंपडून, नाकाला रुमाल किंवा मास्क बांधून झाडावे. दम्याच्या रुग्णाने हे काम दुसऱ्याकडे द्यावे.

पडण्याचा धोका तर रोजचा. शेवाळलेल्या अंगणात कोंबडीमागे धावताना खुब्याचे हाड मोडलेले रुग्ण मी पाहिले आहेत. कोंबडी संध्याकाळी स्वतःच झाकायला येते. तेव्हा हळूच धरावी. पट्टी करताना उकिडवे बसू नये. खोके उंच पाटावर किंवा बाजेवर ठेवून आपण खुर्चीवर बसावे, उजेड भरपूर घ्यावा.

आणि रात्रीचे एक पथ्य, जे आमच्या दोन तालुक्यांत जिवावर बेतू शकते. उसाच्या फडांमुळे बिबट्या आपल्या उंबऱ्यापर्यंत आला आहे; माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र आपल्या शेजारीच आहे, ते उगाच नव्हे. रात्री खुराड्यात फडफड झाली, तर काठी घेऊन एकटे बाहेर जाऊ नये. आतूनच दिवा लावावा, आवाज करावा, शेजाऱ्यांना हाक मारावी. कोंबडी गेली तर पुन्हा आणता येते.

एक नव्हे, अनेक कोंबड्या आजारी असतील तर

वरील सारे एका जखमी कोंबडीसाठी आहे. एकाएकी चार-पाच कोंबड्या मान टाकू लागल्या, तुरे निळे पडले, डोकी सुजली किंवा हिरवट हगवण लागली, तर ती जखम नव्हे, साथ असू शकते. मानमोडी, म्हणजे राणीखेत, आपल्याकडे वारंवार येते. तिच्यासाठी लस आहे. बर्ड फ्लूही महाराष्ट्राला नवा नाही: २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला, तर २०२१ च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंब्याला तो आढळला. अशा वेळी मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने उचलू नये, कापू नये, खाऊ नये. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.

केव्हा थांबावे

आतडी बाहेर आली असतील, दोन्ही पाय पूर्ण लुळे पडले असतील, तोंड उघडून श्वास चालला असेल, किंवा दोन-तीन दिवस अन्नाचा कण गेला नसेल, तर पशुवैद्यकाला स्पष्ट विचारावे: ही वाचेल का? नाही म्हणाले तर तिला वेदनारहित मृत्यू देणे हीही शुश्रूषाच. औषधे टोचलेली कोंबडी भांड्यात घालू नये. खोल खड्ड्यात पुरावी. आणि घरच्यांनी आजींसमोर ‘गेली तर गेली, आखाडात कापणारच होतो’ असे म्हणू नये. त्यांनी रात्री जागून काढल्या आहेत. त्यांच्याजवळ थोडा वेळ बसावे, चहा घ्यावा. पुढच्या बाजाराला नवी तलंग आणायची का, हे त्यांनाच ठरवू द्यावे.

घराच्या दारामागे तीन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत: पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२, वन विभागासाठी १९२६ आणि माणसांच्या रुग्णवाहिकेसाठी १०८. त्यांखाली घरातील प्रत्येक वृद्धाच्या धनुर्वाताच्या शेवटच्या लसीचे वर्ष लिहावे. आणि सांभाळ करणाऱ्या सुना-मुलांना एक विनंती: आजी-आजोबा कोंबडीच्या जखमेचे वर्तमान सांगतील, तेव्हा ते ऐकून झाल्यावर त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत उजेडात पाहा. स्वतःचे ते सांगणार नाहीत.

पुढील अंकात : थंडीतील सांधेदुखी आणि शेकण्याच्या योग्य-अयोग्य पद्धती.